घमेल्यावरचे मांडे

पुण्याहून निघताना मैत्रेयीने माझ्या पिशवीत एक मोठा लिफाफा ठेवला. त्यात प्रमिलाच्या पाककृतींच्या पुस्तिकेचं प्रूफ होतं. प्रमिला म्हणजे मैत्रेयीची आई, माझी पत्नी. तिला जाऊन लवकरच वर्ष होणार होतं. पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या वर्षाच्या स्मरणकार्यक्रमाला, येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तिच्या पाककृतींची पुस्तिका द्यायची, ही कल्पना मैत्रेयीची. टाइपही तिनेच केलं.

"बाबा, सगळं झालंय. मांड्यांच्या नावाचं काय करायचं, तेवढं तुम्ही ठरवा. परत आलात की छापायला देऊ," ती म्हणाली.

हे नाव ठरवायला प्रवास कशाला करायचा, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. मी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं. पुष्कळ वर्षांपूर्वी प्रमिलाने एका मासिकाच्या विशेषांकासाठी पाककृती लिहिली आणि पाठवण्याआधी मला पाहायला दिली. वर नाव होतं, 'मांडे'. मांडे खापरावर, म्हणजे चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर होतात, हे मी कोशात वाचलेलं होतं. आमच्या घरात खापर नव्हतं. ती गॅसवर लोखंडी कढई उपडी घालून त्यावर करायची. मी नाव खोडलं आणि लिहिलं, 'पुरणपोळी (खान्देशी पद्धत)'. आतली एकदोन वाक्यंही नीट केली. अंक आला तेव्हा तिने पान उघडून पाहिलं आणि म्हणाली, "पुरणपोळी तर सगळेच करतात." अंक फडताळात गेला. त्यानंतर तिने कुठे काही पाठवलं नाही. घरात मांडेही झाले नाहीत. सणाला ती चारचौघींसारखी पुरणपोळी लाटायची आणि मी ती खायचो.

तिच्या वहीत मात्र 'मांडे' असंच होतं. पुस्तिकेसाठी मैत्रेयीने बाकीच्या कृती वहीतून उतरवल्या; ही एक छापील मिळाली म्हणून अंकातूनच घेतली आणि नावापाशी अडकली. वर्षभरात मला ती वही उघडणं जमलं नव्हतं. प्रमिलाच्या ओढणीत गुंडाळलेली वही मी तशीच पिशवीत ठेवली आणि गाडीत बसलो. तिच्या मुलखात जाऊन विचारावं, की मांडे कशाला म्हणतात. माझी चूक निघाली तर दुरुस्त करावी. चूक नसेल, तर निदान तशी खात्री असावी.

सकाळी जळगावला उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती. स्टेशनाबाहेर कानटोपी घातलेले रिक्षावाले चहाचे ग्लास दोन्ही हातांत धरून उभे होते. प्रमिलाचे थोरले मावसभाऊ पिंप्राळ्यात राहतात. त्यांना सगळे नाना म्हणतात. वयाची सत्तरी उलटली तरी ते स्कूटर घेऊन मला न्यायला आले होते. मागे बसताना माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या पायापाशी ठेवून घेतली.

घरी वहिनींनी कळण्याची भाकरी केली होती. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून त्या पिठाची ही भाकरी करतात. रंगाने करडी, चवीला खमंग. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर तेलाची धार. मी पहिला घास घेतला आणि सवयीने म्हणालो, "नाना, खरं म्हणजे कळणा म्हणजे डाळ भरडताना उरतो तो चुरा. कळणाकोंडा म्हणतो ना आपण."

"मग?"

"मग यात कळणा कुठे आहे? हे तर सबंध धान्याचं पीठ."

नानांनी वहिनींकडे पाहिलं. "ऐकलं का? तीस वर्षं तू आम्हाला खोटी भाकरी खाऊ घालतेस."

"दाजींना आणखी एक वाढते," वहिनी म्हणाल्या. "खोटी."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, हे मलाच जाणवलं. पण जेवताना एक गोष्ट मनात राहिली. इथे एक अख्खा मुलूख एक शब्द त्याच्या जुन्या अर्थापासून कितीतरी लांब घेऊन गेला होता आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

संध्याकाळी नाना मला शहराबाहेरच्या एका ढाब्यावर घेऊन गेले. मेनूकार्ड वाचताना माझा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. 'व्हेज भरीत'. 'जैन भरीत'. 'कळणा नान'. 'चीज मांडे'. वाढायला आलेले गृहस्थ आमच्याच वयाचे होते. मी विचारलं, "जैन भरीत म्हणजे काय?"

"कच्च्या केळीचं, साहेब. वांगं नाही, कांदा नाही, लसूण नाही."

"केळी भाजून घेता?"

"उकडून घेतो."

"मग त्याला भरीत का म्हणायचं?"

त्यांनी थोडा विचार केला. "साहेब, पोळीबरोबर कुस्करून खायचं असतं. दुसरं काय म्हणणार?"

नाना म्हणाले, "दाजी, ते कार्ड इकडे द्या. नाहीतर तुम्ही त्यांना तपासून परत कराल." चीज मांडेही मागवून पाहिले. चीज भरलेली मैद्याची जाड पोळी आली, तिचे पिझ्झासारखे त्रिकोण कापलेले. त्या त्रिकोणांकडे पाहून माझं मन थोडं स्वस्थ झालं, हे कबूल करतो. नावं अशीच बिघडतात, मी वेळीच एक सांभाळलं होतं, असं वाटलं. ते स्वस्थपण काही फार टिकणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने अमळनेरला गेलो. प्रमिला इथली. तिचे आईवडील राहत ती जागा आता राहिलेली नाही. तिथे दुकानांचे गाळे आहेत. ती शिकली ते कॉलेज आहे. त्याच्या फाटकासमोर थोडा वेळ उभा राहिलो. मुली सायकली, स्कूटी लावून आत जात होत्या. तिने सांगितलेलं चिंचेचं झाड शोधलं, पण तिथे चिंचेची झाडं तीन होती.

नानांनी एका बाईंचा पत्ता दिला होता. कमलबाई लग्नकार्यांत मांडे करून देतात. पोचलो तेव्हा त्यांच्या अंगणात काम चालूच होतं. मोठ्या चुलीवर काळं कुळकुळीत खापर उपडं घातलेलं. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ मळून मळून इतकं सैल केलेलं, की हाताने उचललं की तार यावी. कमलबाईंनी पुरण भरलेला गोळा हातावर घेतला, थापला आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकू लागल्या. गोळा रुंदावत गेला. आधी तळहाताएवढा, मग मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. पलीकडचा उजेड त्यातून दिसायला लागला. मग एका झोक्यात तो खापरावर पसरला आणि क्षणात त्यावर डाग पडले.

"भाऊ, कथाईन उनात?" (कुठून आलात?) त्यांनी काम न थांबवता विचारलं.

मी पुण्याहून आल्याचं सांगितलं आणि माझा प्रश्न विचारला. खापर नसेल, तर मांडे म्हणता येईल का?

"खापर नही, तं मांडा नही," कमलबाई म्हणाल्या. "तव्यावर व्हस ती पोई." (तव्यावर होते ती पोळी.)

"आणि उपड्या कढईवर?"

"ते माले माहीत नही. मनी माय खापरवरच करे." (माझी आई खापरावरच करायची.)

त्यांनी रुमालासारखी घडी घालून एक मांडा माझ्या हातावर ठेवला. तोंडात विरघळला. कोशात होतं तेच उत्तर मिळालं होतं. बस स्टँडकडे चालताना मला आनंद व्हायला हवा होता. पण मी इतक्या लांब आलो ते बहुधा हरायला आलो होतो, हे तेव्हा कळलं. माझं बरोबर निघालं, तर प्रमिलाला द्यायला माझ्याजवळ काहीच उरत नव्हतं.

अमळनेरहून एसटीने धुळ्याला गेलो. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, शेवटची वेचणी झालेली. सुकलेल्या बोंडांना कुठे कुठे कापूस चिकटून राहिलेला. धुळ्यात बचतगटांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे कुणी जाणती बाई भेटेल म्हणून गेलो. एका टेबलावर 'मिनी मांडे' होते, बिस्किटाएवढे, कडक. शेजारी 'झटपट मांडे पीठ'. पाकीट उचलून मागची कृती वाचली. 'पाण्यात भिजवा, लाटा, तव्यावर भाजा.'

"काका, घ्या ना. दुधात बुडवून खा," टेबलामागची तरुण बाई म्हणाली.

"हे मांडे नाहीत," मी म्हणालो. जरा जास्तच कोरडेपणाने म्हणालो असेन.

ती रागावली नाही. "माहीत आहे, काका. माझी आजी ऐकेल तर मला हाकलून देईल. पण नाव वाचून माणूस थांबतो. विचारतो, खरे मांडे कसे असतात. मग मी सांगते." तिने मोबाइलवर आजीचा व्हिडिओ दाखवला. आजीच्या हातांवर मोठा मांडा झुलत होता. "नाव ठेवलं नाही, तर लोक मनातलेच मांडे खाऊन घरी जातील."

मी एक पाकीट घेतलं. तिच्या टेबलापाशी पंधराएक मिनिटं उभा होतो. तेवढ्यात तिघांनी खरोखरच थांबून विचारलं. तिने तिघांनाही तोच व्हिडिओ दाखवला, आणि तिसऱ्यांदाही ती आजीकडे पहिल्यांदा पाहावं तशी पाहत होती.

पाचोऱ्याला जायचं ठरलेलं नव्हतं. तिथे प्रमिलाची थोरली चुलत बहीण राहते. तिला सगळे अक्का म्हणतात. लहानपणी दोघी अमळनेरला एकाच घरात वाढल्या. प्रमिला गेल्यावर अक्कांचा निरोप आला होता, की एकदा येऊन जा. मी गेलो नव्हतो. पारोळ्याला गाडी बदलून दुपारी पाचोऱ्यात पोचलो. अक्का ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. डोळ्यांवर जाड चष्मा, डोक्याला स्कार्फ.

"जय भीम, अक्का."

"जय भीम, जवाईबापू. येवाले वरीस लागनं तुमले." (यायला वर्ष लागलं तुम्हाला.)

 शेजारी बसून मीही शेंगा सोलू लागलो. चहा झाला. मग मी सगळं सांगितलं, मासिकापासून कमलबाईंपर्यंत. अक्का ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "खापर काय बठ्ठास्ना घर व्हतं का?" (खापर काय सगळ्यांच्या घरी होतं का?)

मग त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. प्रमिलाची आई, अक्कांची काकू, मोठ्या घरांतल्या लग्नांत सरपण फोडायला, अंगण सारवायला जायची. या दोघी मुली बरोबर असायच्या. अंगणात मांडे चालू असत. यांनी कुंपणाच्या पलीकडे थांबायचं. पानं उठल्यावर उरलेलं मिळायचं, ते पदरात.

"चूल दूर व्हती," अक्का म्हणाल्या. "पन हात दिसेत." (पण हात दिसायचे.)

काकूने कुंपणापलीकडून ते हात पाहिले. घरी येऊन पीठ मळलं. एक गोळा, दोन गोळे, दहा गोळे फाटले. मग जमलं.

"पण खापर?" मी विचारलं. "कुंभाराकडून आणता आलं असतं."

"आनं व्हतं एकदाव. दुसराच दिन फुटनं." (आणलं होतं एकदा. दुसऱ्याच दिवशी फुटलं.) अक्का हसायला लागल्या. "मंग काकू बोलनी, घमेलं फुटत नही."

घमेलं रोजच्या कामातलंच होतं. काकू बांधकामावर जायची. तिने एक नवं घमेलं मिळवलं, आत-बाहेर भाजून, घासून वेगळं ठेवलं. त्यात कधी माती भरली नाही. ते फक्त मांड्यांसाठी. लग्न होऊन प्रमिला पुण्याला निघाली तेव्हा तिथे घमेलं कुठे नेणार, म्हणून कढई उपडी घाल असं अक्कांनीच तिला सांगितलं होतं.

"पण मग त्याला मांडे म्हणायचं का, अक्का?" मी अजूनही तिथेच होतो.

अक्कांनी माझ्याकडे, साधा धडा न जमणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "लाटणं लागनं का पोई. हातवर वाढस तो मांडा. खाले काय शे, कोन देखस?" (लाटणं लागलं की पोळी. हातावर वाढतो तो मांडा. खाली काय आहे, कोण बघतं?)

मी पिशवी उघडली. ओढणी सोडली. वही उघडली. वर्षभर जे जमलं नव्हतं ते त्या ओट्यावर, शेंगांच्या सालांमध्ये, सहज झालं. पान सापडायला वेळ लागला नाही. त्यावर तुपाचा डाग होता. प्रमिलाचं सुटं, थोडं उजवीकडे झुकलेलं अक्षर:

'लाटण्याला हात लावू नये. लाटणे लागले की पोळी झाली. मांडा हातावर वाढवावा. आमच्या आईकडे खापर नव्हते म्हणून घमेले. घमेले नसेल तर कढई. नाव तेच.'

मग लिफाफ्यातलं प्रूफ काढलं. तिथे होतं, 'पोळी हलक्या हाताने लाटावी.' हे वाक्य माझं होतं. तिची सहा वाक्यं काढून मी हे एक घातलं होतं. छापलेलं मूळ प्रतीशी ताडून पाहायचं, हा आमच्या कामाचा पहिला धडा. इतरांच्या हजारो पानांना मी तो लावला. हिच्या एका पानाला लावला नाही. आणि आमच्या संसारात सुरुवातीच्या वर्षांत ती स्वयंपाकघरात कोपरापर्यंत मांडा वाढवत असे, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत प्रुफं घेऊन बसलेला असे. ताट माझ्यासमोर यायचं. तिचे हात मी कधी उभं राहून पाहिले नव्हते. तिच्या आईने कुंपणापलीकडून पाहिले तसे, तेवढ्या लांबूनसुद्धा नाही.

मी दोन्ही पानं अक्कांना वाचून दाखवली. 

अक्कांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मंग आते खोडा," त्या म्हणाल्या. "पेन्सिल शे ना?"

पेन्सिल होती. पण त्यांनी मला आधी आत बोलावलं. सून पीठ मळायला बसली होती. परसात दोन विटांच्या चुलीवर घमेलं उपडं घातलं. काकूचंच, कडेला थोडं चेपलेलं. अक्कांनी पहिले दोन मांडे केले. वयामुळे हात थरथरत होते, पण गोळा हातावर पडला की थरथर थांबायची. तिसरा गोळा माझ्या हातावर ठेवला. मी कमलबाईंना पाहिलं होतं, अक्कांना पाहिलं होतं. तरी दुसऱ्या झोक्यालाच मधोमध भोक पडलं आणि पुरण मनगटावरून खाली आलं.

"पयला फाटसच," (पहिला फाटतोच) अक्का म्हणाल्या. "आजून एक ल्या." (आणखी एक घ्या.)

दुसराही फाटला. तिसरा फाटला नाही, पण त्याला गोल म्हणवत नव्हतं. अक्कांनी तो घमेल्यावर घातला, उलटला आणि दुधाबरोबर मला वाढला.

निघताना त्यांनी घमेलं जुन्या साडीत बांधून माझ्या हातात दिलं. मी नको म्हणालो. "मना हात आते व्हत नहीत. पोरले द्या," (माझे हात आता चालत नाहीत. मुलीला द्या) त्या म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा सोलायला बसल्या.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. घमेलं मांडीवर, त्यावर प्रूफ. टेबलासारखं चांगलं उपयोगी पडलं. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, "भाऊ, बांधकामावर चाललात का?" मी सांगितलं, मांडे करायला. ते बराच वेळ विचारात पडले.

'पुरणपोळी' खोडलं. 'पोळी हलक्या हाताने लाटावी' खोडलं आणि तिची सहा वाक्यं समासात एकेक करून लिहिली. इतर पानांवर 'कुकरातले भरीत' होतं, 'उडीद नसलेला कळणा' होता. त्यांच्यासमोर मी घरून निघण्यापूर्वी प्रश्नचिन्हं केली होती. ती पुसली. कमलबाईंचं चूक, असं मला अजूनही वाटत नाही. त्यांच्या आईकडे खापर होतं. त्या आपल्या आईचं खरं सांगत होत्या, प्रमिला आपल्या आईचं.

घरी आल्यावर मैत्रेयीने प्रूफ पाहिलं. "नाव 'मांडे'. ठीक. कंसात काय टाकायचं? खान्देशी? घमेल्यावरचे?"

"कंसात काही नको," मी म्हणालो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, चार जण प्रमिलाबद्दल बोलले, पुस्तिका वाटल्या. मग आम्ही गच्चीवर गेलो. मोठ्या शेगडीवर घमेलं उपडं घातलं होतं. आठवडाभर रोज सराव करून मैत्रेयीचे बरेच मांडे फाटले होते. माझे तर मोजायला नको. मी तिच्या शेजारी उभा राहून गोळे भरून देत होतो आणि तिच्या हातांकडे पाहत होतो. पीठ मनगटापर्यंत आलं. मग त्याच्याही पुढे गेलं.

खालच्या मजल्यावरचे एक शेजारी ताट घेऊन जवळ आले. "वा, पुरणपोळ्या का?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी मैत्रेयी बोलली. "मांडे, काका," ती म्हणाली, आणि घडी घालून त्यांच्या ताटात ठेवला.